बंद शेडमधली २५ पाउंडर: जतनकामाच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

कामाची व्याप्ती ठरली. जागा नाशिकजवळच्या लष्करी हद्दीतली पत्र्याची शेड. संग्रह सर्वसामान्यांना खुला नाही. लेखी परवानगी घेऊन आलेले प्रशिक्षणार्थी, निवृत्त तोफची आणि एखादा अभ्यासक एवढेच आत येतात. यादीत आहेत: एक २५ पाउंडर फील्ड गन, तिचा २७ नंबरचा लिंबर (दारूगोळ्याची जोडगाडी), एक जीप, १०६ मिमी रिकॉइललेस (मागे धक्का न देणारी) गन, रायफलींचे दोन रॅक, पितळी केसेस (बारूद भरायची नळकांडी) आणि उपकरणांचं एक लाकडी कपाट.

मुख्य काम २५ पाउंडरवर. कॅलिबर ८७.६ मिमी, वजन सुमारे १.८ टन, सुपरचार्जवर, म्हणजे जादा बारुदावर, पल्ला १३,४०० यार्ड. दुसऱ्या महायुद्धात भारतीय तोफखान्याने वापरली, १९६५ आणि १९७१ मध्येही वापरली. म्हणजे ही दुर्मिळ वस्तू नव्हे. देशभर छावण्यांच्या फाटकांवर हीच तोफ उभी दिसते, पांढऱ्या चुन्याच्या दगडी कुंपणात, चाकांना काळा रंग आणि नळीला चकचकीत हिरवा. या शेडमधली मात्र पन्नासेक वर्षं छपराखाली आहे, म्हणूनच तिच्यावर मेहनत घेण्यात अर्थ आहे. मूळ पृष्ठभाग टिकण्याची शक्यता इथे जास्त.

एक धोरण आधीच लिहून घेतलं: रंगकाम नाही. पाहणीच्या आदल्या आठवड्यात डबा आणि ब्रश घेऊन कोणी आलं तर ही नोंदवही दाखवायची.

१४ जून

बंद संग्रहात काम करण्याची व्यवस्था आधी लागते, हत्यारं नंतर. फोन फाटकावर जमा. फोटो फक्त मंजूर कॅमेऱ्यावर, त्यातलं जीपीएस बंद, मेमरी कार्ड शेडच्या कुलपात. प्रत्येक रसायनाची यादी अग्निशमनकडे: असिटोन ५ लिटर, झायलीन २ लिटर, आयसोप्रोपिल ५ लिटर, त्याहून जास्त साठा शेडमध्ये ठेवायचा नाही. वेल्डिंग, ग्राइंडर, गॅस टॉर्च पूर्ण बंद. टॉर्चचं दुःख नाही. जाम झालेला बोल्ट तापवून काढणं म्हणजे त्याच्याभोवतीचा रंगाचा पुरावा जाळणं.

स्फोटकमुक्त असल्याचा दाखला, म्हणजे एफएफई, हाताला लागेपर्यंत गोळे आणि केसेसना हात लावायचा नाही. रजिस्टरात 'इनर्ट' लिहिलं आहे, तेवढं पुरत नाही. गोळ्याचा फ्यूज (स्फोट घडवणारा भाग) काढून आतली पोकळी डोळ्यांनी रिकामी दिसली पाहिजे. केसच्या बुडाशी प्रायमरवर (बारूद पेटवणाऱ्या टोपीवर) ठोका दिसतो म्हणजे तो उडाला असंही नाही. मिसफायरलाही ठोका असतोच. हे काम दारूगोळा तंत्रज्ञाचं, आमचं नाही. चार केसेस त्यांनी बाजूला काढल्या.

२ जुलै

पाऊस सुरू. लॉगर (तापमान-आर्द्रता नोंदवणारी यंत्रं) तीन ठिकाणी लावले: छपराखाली, तोफेच्या उंचीवर, जमिनीलगत. शिवाय नळीला चिकटवलेला एक तापमापी. उपयोग याचाच झाला.

सकाळी आठ वाजता शेडची हवा २६ अंश, सापेक्ष आर्द्रता ८२ टक्के. या हवेचा दवबिंदू येतो साधारण २२.७ अंश. नळीचं तापमान २२. म्हणजे शटर उघडलं की बाहेरची दमट हवा थंड लोखंडावर येते आणि ब्रीचवर (नळीच्या मागच्या, गोळा भरायच्या तोंडावर), ट्रेलच्या (मागे जमिनीवर टेकणाऱ्या दांड्याच्या) आतल्या बाजूला पाणी धरतं. छप्पर गळत नाही, तरी गंज का, याचं उत्तर हे. जाड लोखंड रात्रीचा गारवा दुपारपर्यंत सोडत नाही.

उपाय साधा निघाला. पावसाळ्यात शटर सकाळी साफसफाईसाठी उघडायचं नाही. हवेचा दवबिंदू धातूच्या तापमानाच्या खाली गेला की मगच. खालच्या बाजूचे दोन पंखे कायम चालू, हवा धातूवरून फिरती राहावी इतकेच. ताडपत्री काढून टाकली. ताडपत्री जमिनीपर्यंत सोडली की फरशीतली ओल तिच्या आत अडकते. जिथे ताडपत्रीची घडी गाड्याला टेकली होती तिथेच गंजाच्या रेषा आहेत, अगदी घडीच्या आकाराच्या. त्याजागी सुती चादर, गुडघ्याच्या उंचीवर संपणारी.

नळीच्या तोंडाला लाकडी बूच होतं आणि नळी वर उचललेली. बूच फुगतं, तळाशी फट राहते, आत गेलेलं पाणी ब्रीचकडे उतरून साचतं. बूच काढलं, नळी किंचित खाली झुकवली, तोंडाला हवा जाईल असं सुती कव्हर बांधलं.

९ जुलै

रंगाच्या थरांची तपासणी. ट्रेलच्या उजव्या अंगाला, पायरीच्या मागे, लोकांचा हात पोचत नाही अशा जागी ३० मिमीचा अंडाकृती खड्डा घासला. वॉटर पेपर २४०, मग ४००, ८००, शेवटी १२००. पाण्यात साबणाचा थेंब. कोरडं घासायचं नाही, कारण खाली शिसं असू शकतं. प्रत्येक टप्प्याला स्केल ठेवून फोटो.

अकरा थर मोजता आले. वरचे आठ चकचकीत सिंथेटिक इनॅमल, हिरव्याच्या तीन वेगवेगळ्या छटा. त्याखाली मॅट ऑलिव्ह, त्याखाली मळकट हिरवा, सर्वांत खाली तांबूस प्रायमर. जाडीमापकाने ट्रेलवर ५८० मायक्रॉन दाखवले, साइटच्या (नेम धरायच्या उपकरणाच्या) ब्रॅकेटवर ४१०.

आकडा असा वाचायचा: माहितीच्या पट्टीवर ठोकलेल्या अक्षरांची खोली ०.२ ते ०.३ मिमी असते. अर्धा मिलिमीटर रंग चढला की नंबर, वर्ष, कारखान्याची खूण सगळं भरून सपाट होतं. या तोफेवरच्या पाच पट्ट्यांपैकी आज एकही वाचता येत नाही, आणि रजिस्टरात त्यांचे नंबर कधी उतरवलेच नव्हते.

१६ जुलै

शिशाची चाचणी. सोडियम रोडिझोनेटची काडी खड्ड्याच्या कडेला फिरवली. खालचे दोन थर गुलाबी-लाल, वरच्या इनॅमलपैकी एक हलका गुलाबी. त्यामुळे पुढचं सगळं काम नायट्राइल हातमोजे, पी१०० मास्क, खाली प्लॅस्टिकचा कागद आणि हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमवर. खरवडलेला रंग वेगळ्या डब्यात, वजन करून, धोकादायक कचऱ्यात. शेडमध्ये चहा बंद, तो बाहेरच्या ओट्यावर. हवालदारांनी ओट्यावर नळ बसवून घेतला, म्हणजे हात धुतल्याशिवाय कोणी कपाला हात लावत नाही.

रंग उतरवण्याच्या चाचण्या, प्रत्येकी १० मिमीच्या चौकोनात:

आयसोप्रोपिल, दोन मिनिटं: काही नाही.

असिटोनचं जेल, एक मिनिट: वरचा थर सुरकुततो, पण कडेने झिरपून मॅट ऑलिव्हही मऊ होतो. वरचे-खालचे थर एकाच जातीचे, तेलाधारित. एकाला विरघळवणारं दुसऱ्याला सोडत नाही. बाद.

मिथिलीन क्लोराइडचा पेस्ट: वापरणार नाही. बंद शेडमध्ये त्याची वाफ जीवघेणी, आणि ते थेट लोखंडापर्यंत जातं.

हीट गन, पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत, मग १५ नंबरचं स्काल्पेल आडवं धरून: उत्तम. इनॅमल मऊ होऊन मॅट ऑलिव्हवरून पापुद्र्यासारखा उठतो. कारण नंतर लक्षात आलं. पहिला इनॅमल चढवताना खालची ग्रीस आणि धूळ पुसलीच नव्हती. ज्या कोणा रंगाऱ्याने कंटाळा केला, त्याच्यामुळे मूळ रंग वाचला आहे. जिथे काळजीपूर्वक पॉलिश पेपर मारून रंग दिला, म्हणजे ढालीच्या पुढच्या दर्शनी भागावर, तिथे मात्र थर एकजीव आहेत आणि मूळ रंग मिळणार नाही.

निर्णय: ढालीची पुढची बाजू आहे तशी राहील. पट्ट्या, साइट, ब्रीच, एलिव्हेशनचे (नळी वर-खाली करायचे) दाते आणि ट्रेलचा एक पूर्ण अंग एवढंच मोकळं करायचं. ताशी सरासरी हाताच्या पंजाएवढी जागा होते. सबंध तोफ उघडायची हाव धरू नये.

३० जुलै

मॅट ऑलिव्ह मोकळा झाला तिथे कडा सुटत होत्या. पॅरालॉइड बी-७२ (चिकटवणारी पारदर्शक राळ), असिटोनमध्ये ५ टक्के, बारीक ब्रशने कडेखाली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे पांढरट धुकं. असिटोन झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी राळेतच अडकतं. ८० टक्के आर्द्रतेत हे होणारच. झायलीनचा हात फिरवून राळ पुन्हा विरघळवली, धुकं गेलं. पुढे पावसाळा संपेपर्यंत झायलीनमधलंच द्रावण; वाळायला वेळ लागतो पण साफ वाळतं. ब्रश ओला नको, ओलसर हवा. ओघळ आला तर तो चकाकतो आणि मॅट पृष्ठभागावर लगेच डोळ्यांत भरतो.

१३ ऑगस्ट

यांत्रिकी. उचलण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, ट्रेलच्या शेवटाखाली लाकडाची चवड, मग ॲक्सलखाली ३ टनी स्टँड दोन. क्रम उलटा केला तर तोफ ट्रेलवर फिरते. ९.०० × १६ चे टायर जमिनीपासून फक्त १० मिमी वर. हेतू एवढाच की रबरावर भार नको आणि चाक हाताने फिरावं.

ट्रेलखाली अडकवलेला गोल फायरिंग प्लॅटफॉर्म खाली घेतला. याच गोल चकतीमुळे ही तोफ एक माणूस ३६० अंशांत फिरवू शकत असे; गाड्यावरचं स्वतःचं ट्रॅव्हर्स (नळीचं आडवं फिरणं) डावी-उजवी फक्त चार-चार अंश. प्लॅटफॉर्म आणि ट्रेल यांच्या फटीत माती, चिमण्यांची घरटी आणि सर्वांत खोल गंज. इथे रंग वाचवण्यासारखा नव्हता. वायर ब्रश, मग टॅनिक ॲसिडचं द्रावण दोन हात, वर मेणाचा थर.

ग्रीसच्या निप्पलवरून रंग काढला. सुया वापरल्या, पान्याने खरवडलं की निप्पलचा चेंडू दबतो. तीन निप्पल जुन्या पद्धतीचे, आताच्या ग्रीस गनचं तोंड त्यांवर बसत नाही. लेथवर जोड करून घेतला, निप्पल बदलले नाहीत. आतली जुनी ग्रीस साबणासारखी घट्ट. नवी लिथियम ग्रीस तिच्यावरच दाबली तर दोन्ही मिसळून पातळ होऊन गळू शकतात, किंवा जुना गठ्ठा वाटेत अडकून नवी ग्रीस बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी गरम केलेलं पातळ तेल, रात्रभर थांबायचं, जुनी ग्रीस बाहेर यायची वाट पाहायची, मग नवी.

एलिव्हेशनच्या चापाचे दाते रंगाने भरलेले. कोणीतरी हँडव्हील जोर लावून फिरवलं असणार. दोन दात्यांच्या टोकांवर ताजी चकाकी आहे. बांबूच्या काड्यांनी रंग काढला. आता नळी उणे ५ ते अधिक ४५ अंश पूर्ण फिरते, पण फिरवायची नाही. वर्षातून दोनदा पुरे.

२० ऑगस्ट

ब्रीच. उभा सरकणारा ठोकळा, तो खाली जाऊन उघडतो. ठोकळ्याखाली लाकडी आधार आणि चेन पुली लावल्याशिवाय लिव्हरला हात लावू नये. ग्रीस सुटली की ठोकळा एकदम उतरतो आणि बोटं त्याच्या वाटेतच असतात. स्ट्रायकर (प्रायमरवर ठोका देणारी सुई) काढून, टॅग लावून, शेडच्या बाहेर वेगळ्या कुलपात ठेवला. तोफ आणि स्ट्रायकर एका छपराखाली नकोत.

नळीतले २६ खाचे उजेड टाकून मोजले. तांब्याच्या रेषा दिसतात, गोळ्यांच्या ड्रायव्हिंग बँडच्या (गोळ्याभोवतीच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या). त्या काढायच्या नाहीत. तोफ खरोखर डागली गेल्याचा तोच पुरावा. फक्त सैल गंज नायलॉन ब्रशने, मग गंजरोधक तेलाचा पातळ हात.

रिकॉइल (डागल्यावरचा धक्का शोषणारी) यंत्रणा उघडलेली नाही. आत तेल आणि दाबातली हवा आहे. दाब किती उरला हे बाहेरून कळत नाही, आणि नट सैल करून पाहणं हा तपासणीचा मार्ग नव्हे. सीलजवळ तेलाची पाझर आहे, तिथे पांढरा कागद चिकटवला. डाग महिन्याला किती वाढतो ते मोजायचं.

३ सप्टेंबर

पितळ. यावर वाद झाला, म्हणून सविस्तर.

लिंबरजवळ ओळीने लावलेल्या २५ पाउंडरच्या केसेस दर आठवड्याला पॉलिशने घासल्या जात. बुडावरच्या ठशांपैकी सालाचे आकडे बोटाला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत. ते झिजणं एक. दुसरं जास्त गंभीर: सहा केसेसच्या तोंडाशी उभ्या बारीक चिरा आहेत. पितळ घासायच्या बऱ्याच पॉलिशमध्ये अमोनिया असतो, आणि ताण अडकलेल्या पितळेला अमोनिया चिरतो. ही गोष्ट तोफखान्याला नवी नाही. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली काडतुसं अशीच तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि केस ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण, या तिघांचं मिळून ते होतं. कारण नीट उलगडलं १९२१ मध्ये. आपण घोडे काढले आणि बाटली आणली.

आता: पॉलिश बंद. आधीचा पांढरा राप ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मऊ ब्रशने काढला, आयसोप्रोपिलने पुसून वाळवलं, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे दोन हात. केसेस थोड्या काळवंडतील, त्या काळवंडू द्याव्यात. चिरा पडलेल्या सहा आडव्या ठेवल्या, फोमच्या खाचेत.  उरलेल्यांचे ठसे तिरप्या उजेडात फोटो काढून वाचले आणि रजिस्टरात चढवले.

१७ सप्टेंबर

उपकरणांचं कपाट. होकायंत्रं, क्लिनोमीटर (कोन मोजणारं), डायल साइट (दिशा धरायची), चामड्याच्या पेट्या. गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारा) फिरवला. दोन होकायंत्रं आणि एक सुटी तबकडी पार्श्वभूमीच्या कितीतरी वर. रेडियमचा, अंधारात चमकणारा रंग. 'आता चमकत नाही, म्हणजे संपलं' हा समज इथेही होता. चमक देणारं झिंक सल्फाइड काही दशकांत मरतं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षं. काच उघडायची नाही, तबकडी घासायची नाही, फुटकी काच असेल तर हातमोजे घालून दुहेरी पिशवीत. रेडियमपासून रेडॉन वायू निघतो, म्हणून बंद लाकडी कपाट ही सर्वांत चुकीची जागा. जाळीचं दार असलेलं लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीला, त्रिकोणी खूण आणि वाचन लिहिलेली चिठ्ठी. किरणोत्सार सुरक्षेच्या अधिकाऱ्याला कळवलं.

चामड्याला तेल पाजलेलं नाही. जास्त तेलाने शिवण सुटते आणि बुरशी धरते. कोरडा ब्रश, एवढंच.

१ ऑक्टोबर

जीप. रजिस्टरात कंपनीचं नाव 'विलिस'. रेडिएटरखालची पुढची आडवी पट्टी पाहिली: विलिसला तिथे गोल नळी असते, या जीपला उलट्या 'यू'च्या आकाराची पट्टी. बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग काढला तर वळणदार इंग्रजी एफ. म्हणजे फोर्डने बनवलेली जीपीडब्ल्यू. फोर्डचा चासी नंबर डाव्या लांब पट्टीच्या वरच्या अंगाला, पुढच्या बाजूला ठोकलेला असतो. तिथला रंग हीट गनने उचलला आणि नंबर मिळाला. इंजिन आणि चासी वेगवेगळ्या घरचे आहेत. लष्करी वर्कशॉपमधून गेलेल्या गाडीत यात नवल नाही, फक्त तसं लिहून ठेवायला हवं.

बॉनेटच्या बाजूला खालच्या थरात स्टेन्सिल लागला: वर जाणारा बाण, मग सालाचे दोन अंक. पुढची अक्षरं अर्धी. इथे थांबलो. आणखी खोदलं तर बाणही जाईल.

इंजिन २.२ लिटर, चार सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. अडकलेलं. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) आणि असिटोन समप्रमाणात, सिलिंडरला ३० मिली. साइड व्हॉल्व्ह इंजिनात पिस्टन बाजूला राहतो आणि तेल व्हॉल्व्हवरच सांडतं, म्हणून प्लगच्या भोकातून वाकवलेल्या नळीने सोडलं. आठवड्याने हँडलने हलकं पुढे-मागे. सुटलं. झटका दिला असता तर रिंग तुटली असती.

चालू करणार नाही. पाहणीला 'गाडी स्टार्ट होते' दाखवायची हौस असते, पण बावीस मिनिटांच्या फेरीसाठी जुने गॅस्केट, ॲस्बेस्टॉसचे ब्रेक लायनर आणि ८० वर्षांची रबरं पणाला लावण्यात शहाणपण नाही. पेट्रोल काढून टाकी कोरडी केली. तळाशी वार्निशसारखा चिकट थर होता. दर तिमाहीला हँडलने पाव फेरा, म्हणजे त्याच व्हॉल्व्हस्प्रिंग कायम दाबलेल्या राहत नाहीत.

कधीतरी १२ व्होल्टची बॅटरी लावली गेली आहे. फ्यूएल गेज जळलेला. मूळ यंत्रणा ६ व्होल्टची. तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, म्हणून तिच्या वायरी जाड. नव्या बारीक वायरी काढल्या, जुन्या जागेवर ठेवल्या, जोडल्या नाहीत.

२२ ऑक्टोबर

१०६ मिमी रिकॉइललेस. नळी मोजली, १०५ मिमी भरली, आणि रजिस्टरातल्या एकाने पेन्सिलीने '१०६' खोडून '१०५' केलं होतं. दोन्ही बरोबर आहेत. प्रत्यक्ष कॅलिबर १०५च, पण आधीच्या १०५ मिमी मॉडेलचा दारूगोळा यात जाऊ नये म्हणून नाव १०६ ठेवलं गेलं. नाव पूर्ववत केलं, माप वेगळ्या रकान्यात. वरची .५० स्पॉटिंग (तोफेचा नेम तपासायची) रायफल सुटी नोंदवली. ती वेगळं हत्यार आहे, तोफेचा भाग म्हणून मोजली तर हत्यारांची बेरीज चुकते.

रायफली: बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) वेगळ्या पेटीत, पण कुठला बोल्ट कुठल्या रायफलीचा हे कुठेच नाही. बोल्टच्या दांडीवरचा नंबर आणि रिसीव्हरचा (बोल्ट बसतो त्या सांगाड्याचा) नंबर जुळवले. सात जुळत नाहीत. नंबर घासून जुळवायचे नाहीत, आहे तसंच लिहायचं. लाकडाला कच्च्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, त्याच दिवशी पुसून. तेलाच्या चिंध्या पाण्याच्या बादलीत. चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेटतात.

१९ नोव्हेंबर

रजिस्टर पूर्ण. प्रत्येक वस्तूला एक पान: सगळे ठसे, पट्ट्यांचा मजकूर, रंगथरांचा फोटो, काय काढलं, काय लावलं, कुठलं रसायन, किती टक्के. पाचपैकी चार पट्ट्या वाचता आल्या. पाचवी कधीतरी पॉलिशने सपाट झाली आहे. पट्ट्यांवर रंगाऐवजी मेण, आणि बाजूला चिठ्ठी: 'रंग लावू नये'. चिठ्ठीवर हुद्दा आणि सही घेतली, कारण नुसती विनंती पुढची बदली होईपर्यंतच टिकते.

जिथे कोणी येत नाही तिथे वस्तू बोलत नाही, पान बोलतं. पुण्याहून किंवा जबलपूरहून कोणी अभ्यासक नंबर विचारेल, त्याला तोफेपर्यंत येण्याचा पास मिळो न मिळो, पानाची प्रत मिळायला अडचण नसावी. संवेदनशील काय ते आधीच वेगळ्या पानावर काढलं आहे: कुलपं, जागा, स्ट्रायकर आणि बोल्ट कुठे ठेवले ते.

राहिलेलं: रिकॉइलच्या पाझरेचा कागद, आज डाग ३४ मिमी, ऑगस्टअखेर २१ होता. याच गतीने गेला तर बेस वर्कशॉपमधला रिकॉइल जाणणारा माणूस बोलवावा लागेल. लिंबरच्या लाकडी खणांत वाळवीचा जुना माग, सध्या जिवंत नाही. मार्चमध्ये पुन्हा बघायचं. पंख्यांपैकी एकाचा बेअरिंग वाजतो.